शब्दांच्या जाती : इंग्रजी व मराठी व्याकरणांतील

शब्दांच्या जाती : वाक्यात येणाऱ्या शब्दांचे रूप, कार्य व अर्थ यांना अनुसरून केलेले वर्गीकरण. मराठीच्या शालेय व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी अशा आठ जाती रूढ आहेत. इंग्रजीच्या शालेय व्याकरणातही जातींची संख्या बहुधा आठच सांगितली जाते. या दोन याद्या शेजारी ठेवल्यास एक दुसरीचे भाषांतर असावी असे वाटते आणि इतिहासदृष्ट्या ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तथापि मराठी यादीतील संज्ञा संस्कृत वळणाच्या असल्यामुळे ही संपूर्ण व्यवस्था प्राचीन भारतीय परंपरेतून जशीच्या तशी आली, असा समज सामान्यतः आढळतो. वस्तुतः तिचा सांगाडा ग्रीक-लॅटिन परंपरेचा, नावे संस्कृताची आणि द्रव्य मराठीचे असा हा संयोग आहे. या तिहेरी उगमामुळे मराठी व्याकरणात काही वाद उत्पन्न झाले. मराठी मुलाला इंग्रजी शिकताना येणाऱ्या काही अडचणींचे मूळही त्यातच सापडते.

पाश्चात्त्य परंपरा : ग्रीक भाषेचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने व्याकरण डायोनिशिअस थ्रॅक्स याच्या नावावर असून ते इ. स. पू. सु. १०० मधील मानले जाते. त्यात नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, नामापूर्वी येणारे संबंधदर्शक अव्यय, क्रियाविशेषण व उभयान्वयी अव्यय असे आठ वर्ग आहेत. विशेषण हा स्वतंत्र वर्ग त्यात नाही. ग्रीकमध्ये विशेषणे नामांप्रमाणेच विभक्तीत चालत असल्याने ती नामातच धरली गेली. रोमन व्याकरणकारांनी हीच व्यवस्था लॅटिनला लावली. लॅटिनमध्ये उपपद नसल्यामुळे एक वर्ग कमी पडला, तो केवलप्रयोगी अव्ययाच्या स्वतंत्र वर्गाने भरून निघाला व आठ ही संख्या टिकून राहिली. चौथ्या शतकातील डोनेटस व सहाव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपल येथे अध्यापन करणारा प्रिशिअन यांच्या ग्रंथांनी ही व्यवस्था यूरोपच्या शाळांत सुमारे एक हजार वर्षे चालू ठेवली.

इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा व त्यानंतरच्या अनेक लेखकांचा आदर्श लॅटिन व्याकरण हाच होता. विशेषणाला स्वतंत्र जातीचे स्थान अठराव्या शतकात हळूहळू मिळाले. लिंडली मरी (१७४५–१८२६) याच्या १७९५ मधील इंग्रजी व्याकरणात उपपद धरून नऊ जाती आहेत. या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी शिकविणाऱ्या शाळांत त्याचा मोठा प्रसार होता. शब्दजातींची संख्या, त्यांचा क्रम व त्यांच्या व्याख्या या गोष्टी अशा रीतीने एका भाषेकडून दुसरीकडे वारशाने आलेल्या आहेत. इंग्रजीच्या स्वरूपातून त्या नव्याने काढलेल्या नव्हत्या, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

भारतीय परंपरा : यास्काच्या निरुक्तात शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग केले आहेत. ज्यात क्रियेचे प्राधान्य ते आख्यात व ज्यात सिद्ध वस्तूचे प्राधान्य ते नाम, असा त्यामागील विचार आहे. सर्व नामे धातूंपासूनच निघाली काय, याविषयीचा शाकटायन व गार्ग्य यांचा मतभेदही यास्काने नोंदविला आहे. पाणिनीने याहून वेगळा मार्ग स्वीकारला. त्याने वर्गीकरण अर्थावर न बेतता प्रत्ययांवर बेतले. विभक्तिप्रत्यय लागलेले ते सुबन्त व क्रियापदाचे प्रत्यय लागलेले ते तिङन्त, अशी पदांची दोनच टोके त्याने मानली. अव्ययांनाही तो सुबन्तांतच धरतो व त्यांच्या प्रत्ययांचा लोप झाला असे सांगतो. [→ निरुक्त, पाणिनि].

नाम, आख्यात, उपसर्ग व निपात ही चतुर्विध विभागणी पाली व्याकरणानेही स्वीकारली. कच्चायनाच्या पाली व्याकरणात नाम व आख्यात यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. नासिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे या परंपरेचे एक आधुनिक केंद्र आहे. तेथील धम्मगिरी या विपश्यना केंद्राच्या परिसरात १९८५ मध्ये विपश्यना विशोधन विन्यास ही संस्था स्थापन झाली. तिने रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाव्या संगायनातील तिपिटक व त्याच्या अट्ठकथा देवनागरी लिपीत प्रसिद्ध केल्या. पालीच्या अध्यापनाचे कार्यही ही संस्था करते. शाळेत आठ जाती शिकलेला मराठी वाचक पालीकडे वळतो, तेव्हा नाम या ओळखीच्या संज्ञेत त्याला विशेषणे व सर्वनामेही सापडतात. संज्ञा तीच असली, तरी तिची व्याप्ती निराळी आहे.

लॅटिनमधील ‘नोमेन’ व संस्कृतातील ‘नामन्’ हे एकाच आदिम शब्दाचे दोन अवतार असून दोहोंचा मूळ अर्थ ‘नाव’ असाच आहे. त्यामुळे ‘नाम’ ही संज्ञा दोन्ही परंपरांना सारखीच जवळची वाटते. इतर संज्ञांबाबत मात्र असे म्हणता येत नाही. पाणिनीची ‘सर्वनाम’ ही संज्ञा ‘सर्व’ या शब्दाने आरंभ होणाऱ्या एका गणास उद्देशून आहे. त्या गणात ‘तद्’, ‘किम्’, ‘अस्मद्’ यांच्याबरोबर ‘सर्व’, ‘अन्य’, ‘पूर्व’, ‘एक’ हेही शब्द येतात, कारण विशिष्ट प्रत्यय घेऊन चालण्याची त्यांची रीत समान आहे. म्हणजे संस्कृतातील सर्वनाम हा रूपावरून ठरलेला वर्ग होय. नामाऐवजी येणारा शब्द ही मराठी पाठ्यपुस्तकांतील व्याख्या लॅटिन संज्ञेच्या अर्थाचा अनुवाद आहे. त्याचप्रमाणे ‘विशेषण’ हा शब्द संस्कृत व्याकरणात दोन पदांमधील संबंध दर्शवितो. तेथे ती शब्दाची स्वतंत्र जात नाही. जुन्या शब्दांत नवा आशय भरण्याची ही क्रिया एकोणिसाव्या शतकात घडून आली.

मराठी व्याकरणाचा आरंभकाळ : पश्चिम किनाऱ्यावरील भाषांचे छापील व्याकरण प्रथम परकीयांनी लिहिले. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे पोर्तुगीज भाषेतील व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. विल्यम कॅरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथून प्रसिद्ध झाले. जॉन स्टीव्हन्सन यांचे व्याकरण १८३३ मधील आहे. हे ग्रंथ मुख्यतः परकीय अभ्यासूंसाठी असल्यामुळे त्यांना परिचित असलेल्या यूरोपीय चौकटीत मराठी बसविणे लेखकांना सोयीचे होते. १८३१ मधील मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशानेही प्रत्येक शब्दापुढे त्याची जात व नामांपुढे लिंग देण्याची पद्धत अनुसरली. परिणामी मराठीचा सारा शब्दसंग्रह प्रथमच अशा वर्गवारीखाली आला.

मुंबई इलाख्यात १८२० नंतर निघालेल्या नव्या शाळांसाठी मराठीतून लिहिलेल्या मराठी व्याकरणाची निकड भासू लागली. ती पुरी करणाऱ्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांचे कार्य सर्वांत प्रभावी ठरले. त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास गंगाधरशास्त्री फडके व बाळशास्त्री जांभेकर यांचीही व्याकरणे निघाली. दादोबांनी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर ग्रंथाची रचना केली व संज्ञा मात्र संस्कृतावरून घेतल्या किंवा नव्या घडविल्या. पुढील आवृत्त्यांतून ग्रंथाचा विस्तार झाला, शाळांसाठी त्याचे लघुरूपही निघाले आणि दादोबांना ‘मराठी भाषेचे पाणिनी’ हे बिरुद प्राप्त झाले. त्यांची पद्धती पाणिनीय नव्हती, हे ध्यानात घेता हे बिरुद त्यांच्या अधिकाराचे द्योतक समजावे, पद्धतीचे नव्हे.

दादोबांच्या या निवडीमागे व्यावहारिक कारण होते. नव्या शाळांतील विद्यार्थी मराठीबरोबर इंग्रजीही शिकत होता आणि एकच चौकट दोन्ही भाषांना लावल्याने त्याचे श्रम वाचत होते. मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजीचे मराठी करणे हा पुढे इंग्रजी शिक्षणाचा मुख्य मार्ग बनला. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरविले. या सोयीची किंमत मात्र मराठीच्या वर्णनाला द्यावी लागली.

चौकट व भाषा यांतील अंतर : इंग्रजी चौकट मराठीला कोठे अपुरी पडते, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल. इंग्रजीत स्थलकालादी संबंध दाखविणारे शब्द नामाच्या अगोदर येतात व त्यांचा एकच वर्ग मानला जातो. मराठीत हेच कार्य दोन साधने वाटून घेतात. ‘घरात’ येथे ते विभक्तिप्रत्ययाने होते, तर ‘घराजवळ’ येथे शब्दयोगी अव्ययाने. दोन्ही ठिकाणी ‘घर’ या नामाचे ‘घरा’ असे सामान्यरूप होते. त्यामुळे प्रत्यय कोठे संपतो आणि शब्दयोगी अव्यय कोठे सुरू होते, हा मराठीचा स्वतःचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इंग्रजी व्याकरणातून मिळणे शक्य नाही. शिवाय ‘तो खाली बसला’ यातील ‘खाली’ क्रियाविशेषण, तर ‘तो झाडाखाली बसला’ यातील तोच शब्द शब्दयोगी ठरतो.

क्रियाविशेषणाची स्थितीही अशीच आहे. इंग्रजीत ते सर्वदा अविकारी असते. मराठीत ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ अशी वाक्ये सहज येतात व क्रियेचे वर्णन करणारा शब्द कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. ‘ती मोठी हुशार आहे’ यात ‘मोठी’ हा शब्द विशेषणाचे विशेषण असूनही स्त्रीलिंगी झाला आहे. क्रियाविशेषणांना सरसकट अव्ययांत घातल्यास अशा प्रयोगांना जागा उरत नाही. ‘मला चहा हवा’, ‘भाकरी हवी’, ‘पाणी हवे’ यांतील शब्द वाक्यात क्रियापदाचे काम करतो व विशेषणासारखा चालतो. त्याला कोणत्या जातीत घालावे हे केवळ व्याख्येने ठरत नाही. उलट, इंग्रजीतील उपपदांना मराठीत प्रतिशब्दच नाही. म्हणूनच मराठी भाषक इंग्रजी बोलताना ती हमखास गाळतो किंवा नको तेथे घालतो.

अर्थावर आधारलेली नामाची व्याख्या तर दोन्ही भाषांत अडचणीत येते. व्यक्ती, स्थळ वा वस्तू यांचे नाव ते नाम, असे म्हटल्यास ‘प्रवास’, ‘धाव’, ‘उशीर’ ही नामे कशी, हा प्रश्न उरतो. ‘धाव’ व ‘धावणे’ यांनी दर्शविलेली क्रिया एकच आहे. इंग्रजीत तर एकच ध्वनिरूप कोणताही प्रत्यय न घेता नामाचे व क्रियापदाचे काम करते आणि त्याची जात वाक्यातील स्थानावरून ठरते. मराठीत ‘हात’ या नामापासून ‘हाताळणे’, ‘लाथ’ यापासून ‘लाथाडणे’, ‘रंग’ यापासून ‘रंगणे’ असे रूप बदलून क्रियापद करावे लागते. म्हणून जात ओळखण्यासाठी इंग्रजीत मुख्यतः शब्दाचे स्थान पाहावे लागते, तर मराठीत त्याचे रूप पाहून बरेचसे काम भागते.

इगतपुरीच्या लोहमार्गाचा दाखला : शब्दाची जात ही व्याकरणकाराची केवळ कल्पना नसून बोलणाऱ्यांच्या मनात असलेली व्यवस्था आहे, हे उसन्या शब्दांवरून चांगले दिसते. थळ घाटातील कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी हे रेल्वेचे गाव बनले. अशा गावांतून इंग्रजी शब्दांचा एक मोठा समूह, व्याकरण न शिकलेल्या कामगारांच्या व प्रवाशांच्या मुखाने, मराठीत शिरला. या शब्दांना इंग्रजीत व्याकरणिक लिंग नाही. मराठीने मात्र प्रत्येक नामाला ते तत्काळ बहाल केले. ‘स्टेशन’, ‘इंजिन’, ‘तिकीट’ ही नपुंसकलिंगी झाली, ‘सिग्नल’ व ‘प्लॅटफॉर्म’ पुल्लिंगी, तर ‘रेल्वे’ व ‘लाईन’ स्त्रीलिंगी. नपुंसकलिंगी शब्दांनी ‘स्टेशने’, ‘इंजिने’, ‘तिकिटे’ अशी मराठी अनेकवचने घेतली. ‘तिकीट’ या शब्दाने तर ‘तिकिटाला’, ‘तिकिटाचा’ अशा रूपांत, मराठीतील ‘शरीर-शरिराला’ यांसारख्या उच्चारांप्रमाणे, आपला उपान्त्य स्वरही ऱ्हस्व केला. लिंग, अनेकवचन व सामान्यरूप ही मराठी नामाची खरी ओळखचिन्हे असल्याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

क्रियापदांबाबत मराठीने निराळे धोरण ठेवले. इंग्रजी क्रियापदाला मराठी प्रत्यय थेट न लावता ते ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांच्या आधाराने घेतले गेले. ‘बुक करणे’, ‘चेक करणे’, ‘कॅन्सल होणे’ ही त्याची उदाहरणे. विशेषणे अविकारी राहिली. ‘फास्ट गाडी’ व ‘फास्ट गाडीला’ यांत ‘फास्ट’ हा शब्द ‘लाल’प्रमाणे वागतो, ‘काळा’प्रमाणे नाही. सर्वनामे, उभयान्वयी व संबंधदर्शक अव्यये यांची उसनवारी मात्र फारच थोडी झाली, कारण हे वर्ग भाषेच्या रचनेचे सांधे असून ते बहुधा बाहेरच्यांना बंद असतात. यास एक लक्षणीय अपवाद रेल्वेनेच पुरविला आहे. ‘विदाउट तिकीट’ या प्रयोगात इंग्रजी संबंधदर्शक अव्यय मराठीत आले. परंतु मराठीत असा शब्द नामापूर्वी येत नसल्याने तो तेथे स्थिरावला नाही. ‘तो विदाउट आला’ अशा वाक्यात तिकिटाचा उल्लेखच गळून ‘विदाउट’ हे क्रियाविशेषण बनले. मूळ भाषेतील जात शब्दाबरोबर येत नाही. घेणारी भाषा ती आपल्या नियमांनुसार नव्याने ठरविते.

पुनर्विचार : दादोबांच्या व्याकरणावरील पहिली सखोल चिकित्सा कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–७८) यांनी शालापत्रक मासिकातील निबंधांतून केली. विभक्ती व प्रयोग यांविषयीचे त्यांचे विवेचन पुढील सर्व चर्चेस पायाभूत ठरले. गणपतराव नवलकर यांचे इंग्रजीतून लिहिलेले मराठी व्याकरण १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. रामचंद्र भिकाजी गुंजीकर व रामचंद्र भिकाजी जोशी यांनी या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतून व्याकरणलेखन केले. मोरो केशव दामले (१८६८–१९१३) यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या बृहद्ग्रंथात पूर्वसूरींच्या मतांची विस्तृत छाननी असून संस्कृत व इंग्रजी या दोन्ही व्याकरणपद्धतींशी मराठीची तुलना केली आहे. आठ जातींची चौकट दामल्यांनीही मोडली नाही, पण तिच्यातील प्रत्येक भागाला पुराव्याची कसोटी लावली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहून या अभ्यासाला ऐतिहासिक बाजू जोडली. स्वातंत्र्योत्तर काळात अरविंद मंगरूळकर यांनी मराठी व्याकरणाचा पुनर्विचार (१९६४) व कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद (१९८७) या ग्रंथांत परंपरेने चालत आलेल्या कल्पनांची फेरतपासणी केली.

खुद्द इंग्रजीच्या अभ्यासकांनीही या काळात जुनी चौकट जशीच्या तशी ठेवली नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये परंपरागत व्याख्यांतील विसंगती दाखविल्या. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांनी १९५२ मध्ये अर्थ बाजूला ठेवून, वाक्यातील रिकाम्या जागी कोणता शब्द बसू शकतो या कसोटीवर, चार मुख्य वर्ग व कार्यवाचक शब्दांचे पंधरा गट मांडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणांत उपपदे व ‘हा’, ‘तो’, ‘काही’ अशा अर्थांचे नामापूर्वी येणारे शब्द मिळून नामनिर्धारकांचा स्वतंत्र वर्ग केलेला आढळतो. मराठीत ‘तो आला’ यातील ‘तो’ सर्वनाम आणि ‘तो मुलगा आला’ यातील ‘तो’ सार्वनामिक विशेषण, असा जो भेद शिकविला जातो, त्याच्याशी हा नवा वर्ग ताडून पाहण्याजोगा आहे.

शैक्षणिक महत्त्व : महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय सुरू झाला. पूर्वी मराठीचे व्याकरण काहीसे पक्के झाल्यावर विद्यार्थी इंग्रजीकडे वळत असे. आता दोन्ही भाषांतील संज्ञा त्याला जवळजवळ बरोबरच भेटतात. अशा वेळी आठ जातींची एकच यादी दोन्ही भाषांना लागू असल्याचे सांगितल्यास विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, परंतु वाक्यातील शब्द ओळखताना अडखळतो. याउलट, मराठीत ‘या शब्दाचे लिंग कोणते, अनेकवचन काय, सामान्यरूप होते काय’ हे प्रश्न आणि इंग्रजीत ‘या शब्दापूर्वी उपपद येऊ शकते काय, तो वाक्यात कोठे बसतो’ हे प्रश्न विचारण्याची सवय लावल्यास जात आपोआप उमगते. त्यासाठी नव्या संज्ञांची आवश्यकता नाही. रूढ संज्ञा सोयीच्या आहेत व त्यांना दीड शतकाहून अधिक काळाच्या वापराचे बळ आहे. मात्र त्या एका ऐतिहासिक तडजोडीतून आल्या आहेत आणि त्यांचा अर्थ प्रत्येक भाषेत तिच्याच रूपांवरून निश्चित करावा लागतो, ही जाणीव शिक्षकाला व पाठ्यपुस्तककाराला असणे अगत्याचे आहे.